खजिनदार मतपेटीतून यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारे मूळचे नाशिकचे, आता फिलाडेल्फियाजवळ राहतात आणि अमेरिकेचे नागरिक झाल्यावर त्यांनी पहिल्यांदाच मतदान केलं. मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाच्या खाली पेन्सिल्वेनियाच्या ‘स्टेट ट्रेझरर’चं, म्हणजे राज्याच्या खजिनदाराचं पद होतं. उमेदवारांपैकी एकाचंही नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी तो रकाना कोरा सोडला. आता ते विचारतात की असं पद निवडणुकीनं भरावं का, आणि रकाना कोरा सोडला ही चूक झाली का.

मी गेली बावीस वर्षं न्यू जर्सी आणि पेन्सिल्वेनियात काउंट्या (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या), नगरपालिका आणि शाळा-जिल्हे (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) यांचं लेखापरीक्षण करते. माझं मत आधीच सांगते. राज्याचा खजिनदार थेट लोकांच्या मतांनी निवडू नये. पण त्याला राज्यपालानं नेमावं आणि राज्यपालानंच काढावं, हेही मला तितकंच धोक्याचं वाटतं. इथे राज्यपाल म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा खरा सत्ताधारी, हे लक्षात ठेवा. खजिनदार विधिमंडळानं ठरावीक मुदतीसाठी निवडावा, गुंतवणुकीचे निर्णय मंडळाकडे असावेत आणि लोकांना निवडायचंच असेल तर त्यांनी हिशेब तपासणारा निवडावा.

हे मत पुस्तकांतून आलेलं नाही. माझे वडील सातारा जिल्ह्यात उपकोषागारात नोकरीला होते. तहसील कचेरीच्या आवारातली जाड भिंतींची खोली, बाहेर बंदूकधारी पोलीस, आत मुद्रांकांचे गठ्ठे आणि लोखंडी पेट्या. त्या खोलीला डबल लॉक होतं. एक किल्ली वडिलांकडे आणि दुसरी त्यांच्या सहकाऱ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचंच नाही. एकदा वडील तापानं फणफणले होते. सकाळी सहकारी काका घरी आले. गावात मुद्रांक संपले होते, वकील आणि दस्तलेखक खोळंबले होते. वीस वर्षांची मैत्री, एकमेकांच्या घरी दिवाळीचा फराळ, पण काकांनी किल्ली मागितली नाही आणि वडिलांनी दिली नाही. वडील मफलर गुंडाळून काकांच्या सायकलवर मागे बसून कचेरीत गेले, दार उघडलं, नोंदवहीत दोघांच्या सह्या झाल्या आणि परत येऊन ते झोपले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. एवढ्या तापात कशाला गेलात, असं आईनं विचारलं तेव्हा वडील म्हणाले, “किल्ली त्याच्या हातात दिली असती तर उद्या काही कमी भरल्यावर त्याला वाचवायला कोण?”

मी आज जे काम करते त्याचा गाभा याच वाक्यात आहे. तिजोरी सुरक्षित ठेवतात त्या दोन गोष्टी. पैसा एकट्याच्या हातात नसणं, आणि वहीतला आकडा बँकेतल्या आकड्याशी रोज जुळवणं. आपल्याकडे याला ताळमेळ म्हणतात. मतदाराला यातलं काही दिसत नाही, आणि दिसणार तरी कसं? ताळमेळ चोख बसला त्या दिवशी बातमी होत नाही.

मग हे पद निवडणुकीचं झालं कसं? 1830 च्या दशकात अमेरिकेतल्या राज्यांनी कालवे, रेल्वे आणि बँकांसाठी भरमसाट कर्जं काढली. 1841-42 मध्ये आठ राज्यांनी व्याज थकवलं आणि तुमचं पेन्सिल्वेनिया त्यात होतं. ही कर्जं विधिमंडळांनीच काढली होती, म्हणून लोकांचा राग विधिमंडळांवर निघाला. पुढे राज्याराज्यांत नव्या राज्यघटना झाल्या आणि विधिमंडळाच्या किंवा राज्यपालाच्या हातातली पदं एकेक करून मतपत्रिकेवर आली. पेन्सिल्वेनियात खजिनदार लोकांनी निवडायची तरतूद 1874 च्या राज्यघटनेनं आणली. आज छत्तीसच्या आसपास राज्यांत तो लोक निवडतात. त्या काळच्या लोकांना मी दोष देत नाही. तेव्हा लेखापरीक्षणाचा व्यवसायच बाल्यावस्थेत होता. माणूस ओळखीचा आणि सज्जन असणं एवढीच हमी त्यांच्या हाताशी होती.

ती हमी किती टिकते ते केंटकीत दिसलं. जेम्स टेट हे तिथले खजिनदार 1867 मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि पुढे दर दोन वर्षांनी येतच राहिले. लोक त्यांना प्रेमानं ‘ऑनेस्ट डिक’ म्हणत. वीस वर्षं कुणी वह्या नीट तपासल्या नाहीत. 1888 मध्ये हिशेब तपासायची मागणी जोर धरू लागली, तेव्हा त्यांनी कागद लावायला वेळ मागितला. मार्च महिन्यात त्यांनी सोन्याचांदीची नाणी तंबाखूच्या दोन पोत्यांत भरली, नोटांची चळत घेतली आणि केंटकीची राजधानी फ्रँकफोर्ट सोडली. ते परत कधीच सापडले नाहीत. तूट निघाली सुमारे 2 लाख 47 हजार डॉलरची. लागोपाठच्या निवडणुकांत त्यांना कुणी पाडलं नाही आणि शेवटी पळायला लावलं ते तपासणीच्या नुसत्या भीतीनं. 1891 च्या नव्या राज्यघटनेत केंटकीनं खजिनदारांना पुन्हा लगेच उभं राहायची बंदी घातली. निवडणूक मात्र तशीच ठेवली.

ही जुनी गोष्ट झाली असं कुणी म्हणेल. मग कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीचं घ्या. पद राज्याचं नसून काउंटीचं, पण मुद्दा अगदी हाच आहे आणि या विषयावर मला याहून बोलकं दुसरं उदाहरण माहीत नाही. रॉबर्ट सिट्रॉन हे तिथले निवडून आलेले खजिनदार. काउंटीचे आणि शाळा-जिल्हे, शहरं, पाणीपुरवठा संस्था अशा दोनशेच्या आसपास सार्वजनिक संस्थांचे मिळून सुमारे 750 कोटी डॉलर त्यांच्याकडे गुंतवायला होते. त्यांनी रोखे तारण ठेवून आणखी उसने काढले आणि एकूण डाव 2000 कोटींच्या वर नेला. सगळी मांडणी एका समजुतीवर उभी होती की व्याजदर वाढणार नाहीत. दर खाली होते तोवर इतरांपेक्षा जास्त परतावा मिळाला. काही शाळा-जिल्ह्यांनी तर कर्ज काढून त्या निधीत पैसे ठेवले.

फेब्रुवारी 1994 मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं दर वाढवायला सुरुवात केली. त्याच वर्षी जूनमध्ये खजिनदाराची निवडणूक होती. त्यांच्याविरुद्ध जॉन मुरलॅक नावाचे सनदी लेखापाल उभे राहिले. प्रचारात ते सांगत होते की हा निधी फार मोठ्या जोखमीवर उभा आहे आणि दर वाढत गेले तर प्रचंड तोटा होईल. म्हणजे बघा, निवडणुकीनं जे द्यायचं असतं ते सगळं तिथे होतं. खरी लढत होती, जाणकार विरोधक होता, मुद्दा नेमका होता आणि वेळही योग्य होती. मतदारांनी तरीही सिट्रॉन यांना आरामात निवडून दिलं. सहा महिन्यांनी, 6 डिसेंबर 1994 रोजी काउंटीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. तोटा सुमारे 170 कोटी डॉलर. काहीशे लोकांच्या नोकऱ्या गेल्या, सेवा कापल्या गेल्या. पुढे मुरलॅक यांनाच त्या जागी आणलं ते काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळानं नेमणूक करून.

मतदार मूर्ख होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. उलट तारणाच्या व्यवहारातली जोखीम शाळेच्या शिक्षिकेनं किंवा गॅरेजवाल्यानं प्रचाराच्या पत्रकावरून ओळखावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. त्यांच्यासमोर आकडा होता तो परताव्याचा, आणि तो उत्तम होता. बाजारात जोखीम फुटेपर्यंत ती नफ्यासारखीच दिसते.

आता साउथ कॅरोलायना, हे तर अगदी कालपरवाचं. तिथे खजिनदार निवडून येतो आणि हिशेब ठेवणारा कंप्ट्रोलर जनरलही निवडून येतो. 2023 मध्ये उघड झालं की राज्याच्या वार्षिक अहवालात रोख शिल्लक सुमारे 350 कोटी डॉलरनं जास्त दाखवली जात होती, आणि हे दहाएक वर्षं चाललं होतं. कंप्ट्रोलरनी राजीनामा दिला. मग एका खात्यात 180 कोटी डॉलर दिसले, ज्यांचा मालक कुणालाच सांगता येईना. त्यावर बाहेरचे तज्ज्ञ बसवले. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी अहवाल दिला की यातले बहुतेक पैसे कधी अस्तित्वातच नव्हते. जुन्या संगणक प्रणालीतून नव्या प्रणालीत जाताना राहिलेल्या नोंदींचा तो डोंगर होता. नेमणुकीनं आलेले राज्य लेखापरीक्षकही त्या महिन्यात पायउतार झाले. एप्रिलमध्ये तिथल्या सिनेटनं खजिनदारांना काढण्याच्या बाजूनं 33 विरुद्ध 8 मतं दिली, पण दोन्ही सभागृहांचा दोन-तृतीयांश कौल लागतो आणि दुसऱ्या सभागृहानं तो विषय पुढे नेला नाही.

यात चोरी कुणी केलेली नाही हे स्पष्ट सांगते. मला जे खुपतं ते वेगळंच आहे. डबल लॉकच्या दोन किल्ल्या दोघांकडे होत्या, पण दोघं दार उघडायला एकत्र कधी आलेच नाहीत. खजिनदाराचं कार्यालय कंप्ट्रोलरकडे बोट दाखवत होतं आणि कंप्ट्रोलरचं कार्यालय खजिनदाराकडे. दोघांचाही मालक म्हणजे मतदार, आणि मतदार काही सोमवारी सकाळी दोघांना एका टेबलाशी बसवून “वही काढा” असं म्हणू शकत नाही. माझ्या वडिलांना आणि काकांना ते म्हणणारा जिल्हा कोषागार अधिकारी वर होता, आणि त्याच्यावर महालेखापालाची माणसं होती.

असाच एक लहानसा प्रकार मी स्वतः पाहिला. एका काउंटीत खजिनदार निवडून आलेले, अतिशय लोकप्रिय. चार जुलैच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे, प्रत्येकाच्या मुलाबाळांची चौकशी करणारे. आम्ही ऑगस्टमध्ये तपासणीला गेलो तर बँकेचा ताळमेळ सात महिने झालेलाच नव्हता. त्याआधीच्या ताळमेळाच्या कागदावर खाली एक ओळ होती, ‘इतर फरक’, 41 हजार डॉलर. मागच्या महिन्याच्या कागदावरही तीच ओळ, तोच आकडा. त्याच्या मागच्यावरही तेच. मी मागे जात राहिले आणि ती ओळ तीन वर्षं जशीच्या तशी सापडली. काम करणाऱ्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या की हा फरक मला मिळाला तसा मी पुढे नेते. शेवटी काही भरणा दोनदा नोंदवला गेला होता एवढंच निघालं, पण ते शोधायला आम्हाला दोन आठवडे लागले. मी अहवालात ते गंभीर त्रुटी म्हणून लिहिलं. त्या वर्षी त्यांची निवडणूक होती. ते बिनविरोध निवडून आले आणि आमचा अहवाल स्थानिक वर्तमानपत्रात एका ओळीनंही आला नाही.

निवडणुकीला पैसा लागतो, हा मुद्दा वेगळा काढायला हवा. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला सामान्य माणूस वीस डॉलर देतो. खजिनदाराच्या निवडणुकीला देणगी कोण देणार? बहुतांशी ज्यांचं त्या कार्यालयात काम आहे तेच. रोखे विकणाऱ्या पेढ्या, निधी सांभाळणाऱ्या कंपन्या, वकिलांच्या संस्था. पेन्सिल्वेनियाचेच खजिनदार रॉब मॅकॉर्ड 2014 मध्ये राज्यपालपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत उतरले होते. देणगी द्या, नाहीतर खजिनदार म्हणून मी तुम्हाला अडचणीत आणू शकतो, असं त्यांनी काहींना सुचवलं. 2015 मध्ये त्यांनी खंडणीच्या प्रयत्नाचा गुन्हा कबूल केला. न्यू यॉर्कमध्ये निवडून आलेला कंप्ट्रोलर निवृत्तिवेतन निधीचा एकटा विश्वस्त असतो, आणि अ‍ॅलन हेवेसी यांनी त्या निधीतल्या लाचखोरीचा गुन्हा 2010 मध्ये मान्य केला. ही दुखणी इतकी वाढली की शेअर बाजाराच्या नियामकांना नियम करावे लागले. रोखे पेढ्यांसाठी 1994 मध्ये आणि गुंतवणूक सल्लागारांसाठी 2010 मध्ये. अशा पदाधिकाऱ्याला ठरावीक किरकोळ रकमेपेक्षा जास्त देणगी दिली तर दोन वर्षं त्या सरकारकडून त्या कामाचा मोबदला घेता येत नाही. ज्या पदाच्या प्रचाराला देणगी देणंच एवढं धोक्याचं ठरतं, तिथे प्रचार हवाच कशाला, असा प्रश्न मला पडतो.

नेमणुकीच्या बाजूनं बोलणारे इथे खूश होतील, म्हणून माझ्या न्यू जर्सीची गोष्टही सांगते. इथे 1947 च्या राज्यघटनेपासून खजिनदार राज्यपाल नेमतो आणि सिनेट संमती देतं. कर, अंदाजपत्रक, कर्ज सगळं त्याच खात्यात. काम सुटसुटीत चालतं, यात शंका नाही. पण 2001 ते 2007 या काळात राज्यानं 2600 कोटी डॉलरहून जास्त रोखे विकले, आणि शिक्षक व कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीत राज्य पुरेसे पैसे भरत नाही हे गुंतवणूकदारांना नीट सांगितलं नाही. ऑगस्ट 2010 मध्ये नियामकांनी राज्यावर कारवाई केली. अमेरिकेच्या इतिहासात एखाद्या राज्यावर झालेली अशी ती पहिलीच कारवाई. राज्यानं आरोप मान्य वा अमान्य न करता तडजोड केली. त्या सहा-सात वर्षांत राज्यपाल बदलले, पक्ष बदलला, खजिनदार बदलले, पण खरं सांगणं कुणाच्याच सोयीचं नव्हतं. ज्यानं नेमलं त्याचंच अंदाजपत्रक कच्चं आहे असं त्याच्या हाताखालचा माणूस छापील कागदावर लिहील, ही आशा फोल आहे. एडिसनमधल्या माझ्या शिक्षिका मैत्रिणी त्या निधीकडे डोळे लावून बसल्या आहेत, म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसता कागदावरचा नाही.

तुमच्या राज्यानं याच्या उलट एक चांगलं उदाहरण दाखवलं आहे आणि ते लपवणं अप्रामाणिकपणा होईल. 2017 मध्ये पेन्सिल्वेनियाचं अंदाजपत्रक अर्धवट मंजूर झालं. खर्च ठरला, पण महसूल कुठून आणायचा ते ठरलं नाही. खजिनदार जो टॉर्सेला यांनी ऑगस्टमध्ये तात्पुरते 75 कोटी डॉलर दिले. सप्टेंबरमध्ये पुन्हा तिजोरी रिकामी होत आली तेव्हा महसुलाचा आराखडा ठरल्याशिवाय आणखी उसने देणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. राज्यपाल त्यांच्याच पक्षाचे होते. काही देणी लांबली, पतमानांकन घसरलं, पण विधिमंडळाला टेबलाशी बसावं लागलं. राज्यपालानं नेमलेला खजिनदार असं वागला असता का? मला वाटत नाही. मात्र पुढचंही ऐका. 2020 मध्ये टॉर्सेला हरले आणि त्या निवडणुकीत 2017 च्या त्या निर्णयाची चर्चा मी तरी ऐकली नाही. म्हणजे नाही म्हणायची ताकद त्यांना मिळाली ती राज्यपाल आपल्याला काढू शकत नाही म्हणून, आणि ती ताकद ठरावीक मुदतीच्या नेमणुकीतूनही मिळते.

म्हणून मला मेरीलँड आणि टेनेसीची पद्धत पटते. दोन्ही राज्यांत खजिनदाराला विधिमंडळाची दोन्ही सभागृहं मिळून निवडतात; मेरीलँडमध्ये चार वर्षांसाठी, टेनेसीत दोन. मेन आणि न्यू हॅम्पशायरमध्येही विधिमंडळच निवडतं. मेरीलँडचं ‘बोर्ड ऑफ पब्लिक वर्क्स’ हे मला डबल लॉकचं मोठं रूप वाटतं. राज्यपाल, लोकांनी निवडलेला कंप्ट्रोलर आणि विधिमंडळानं निवडलेला खजिनदार अशी तिघं अनापोलिसला उघड बैठकीत बसतात आणि राज्याची मोठी कंत्राटं, जमिनीचे व्यवहार, कर्ज तिथे मंजूर होतात. तिघांचे मालक तीन वेगळे, पण टेबल एक. त्या पद्धतीत दोष आहेतच. तिथले अलीकडचे दोन्ही खजिनदार आधी विधिमंडळाचे सदस्य होते, म्हणजे आपल्यातलाच माणूस निवडायची ओढ असते. आणि मे 2025 मध्ये मूडीज या पतमानांकन संस्थेनं मेरीलँडचं सर्वोच्च मानांकन एक पायरी उतरवलं, तेव्हा खजिनदार कसा निवडला यावर राज्याची पत ठरते असा दावा मी करणार नाही.

टेक्ससनं तर पदच बंद केलं. मार्था व्हाइटहेड 1994 मध्ये निवडून आल्या त्या माझं कार्यालय बंद करा असं सांगत. 1995 मध्ये मतदारांनी मान्यता दिली आणि पुढच्या वर्षी सगळं काम कंप्ट्रोलरकडे गेलं. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला फार आदर आहे. तरी पैसा सांभाळणं आणि हिशेब ठेवणं एकाच छपराखाली आणणं मला धाडसाचं वाटतं. साताऱ्याची मुलगी आहे मी, दोन्ही किल्ल्या एका खिशात बघवत नाहीत.

आता रकान्याचं. कोरा सोडलात याचं वाईट वाटून घेऊ नका, पण पुढच्या वेळी सोडू नका. पद्धत बदलेपर्यंत हे मत तुमचंच आहे. जाहिरातीत उमेदवार कुठल्या राष्ट्रीय मुद्द्यावर काय बोलतो ते बाजूला ठेवा, खजिनदाराच्या कामाशी त्याचा संबंध नाही. त्याला देणग्या कुणी दिल्या ते राज्याच्या संकेतस्थळावर दिसतं. त्यात रोखे आणि गुंतवणुकीच्या धंद्यातली नावं किती ते मोजा. मग राज्याचा लेखापरीक्षण अहवाल उघडा. शेवटी ‘निष्कर्ष’ म्हणून यादी असते आणि प्रत्येक त्रुटीपुढे ती मागच्या वर्षीही होती का ते लिहिलेलं असतं. खजिन्याच्या कार्यालयाची एखादी त्रुटी सलग तीन वर्षं आली असेल, तर खुर्चीत बसलेल्याच्या विरोधात मत द्या, पक्ष कुठलाही असो. आणि त्याच मतपत्रिकेवर ‘ऑडिटर जनरल’चा, म्हणजे हिशेब तपासणाऱ्याचा रकाना असतो. प्रचारातला सगळा वेळ एकाच उमेदवाराबद्दल वाचायला मिळणार असेल, तर तो त्याच्याबद्दल वाचा.